बूच कुठल्या मुठीत

१

आमच्या देशात संप बहुतेक शुक्रवारी असतो. पुढाऱ्यांनाही शनिवार-रविवारला जोडून सुट्टी लागते, असं माझा नवरा तुल्लियो म्हणायचा. या वर्षी तो म्हणायला नव्हता, पण संप आला तो शुक्रवारीच, आणि नेमका माझ्या परतीच्या दिवशी.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला अर्मिदाने सूपचं भांडं आणता आणताच सांगितलं.

"उद्या आगगाड्या बंद, क्लेलियाबाई. शनिवार सकाळपर्यंत तुम्ही माझ्याच गळ्यात."

"तुला स्वयंपाक वाढला की गं."

"कसला वाढतोय. आजचं उरेल तेच उद्या गरम करून घालीन. ओळखायचं नाही, म्हणजे झालं."

अर्मिदाचं हॉटेल सरोवराच्या काठावर आहे. शनिवारी ते थंडीसाठी बंद होणार होतं. बाकीचे पाहुणे रविवारीच गेले होते. जेवणाच्या खोलीतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवून झाल्या होत्या आणि एका बाजूच्या लाकडी झडपाही लावून टाकल्या होत्या. खांबाशेजारचं, खिडकीजवळचं आमचं टेबल तेवढं मांडलेलं होतं.

'आमचं' म्हणते, कारण त्यावर दोन ताटं होती. मी आले त्या दिवशी अर्मिदाने सवयीने दोघांची मांडली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती समोरचं ताट उचलायला गेली. मी म्हटलं, असू दे. ते सुट्टीभर तसंच राहिलं. ताट, काटे-चमचे, ग्लास आणि खोलीचा नंबर लिहिलेल्या कापडी खोळीत घडी घातलेला नॅपकिन. तुल्लियो फेब्रुवारीत गेला. मी शाळेत भूगोल शिकवला आहे, रिकाम्या ताटात कुणी येऊन जेवतं असं मानणारी बाई मी नव्हे. पण समोर नुसतं पांढरं कापड असलं की घास उतरत नव्हता, आणि ताट असलं की उतरायचा.

दर वर्षी सुट्टीतला शेवटचा दिवस आम्ही मोकळा ठेवायचो, आणि दर वर्षी त्या दिवसावरून आमचं वाजायचं. मला बसने वर कोल्मे गावात जायचं असायचं. तिथे उन्हात बसून भाजलेले चेस्टनट खायचे आणि खालचं सरोवर बघायचं, एवढंच. तुल्लियोला बोटीने पलीकडच्या काठावर, रिवाल्ताला जायचं असायचं. तिथे एक बाग आहे. इकडून नुसती काळी झाडं दिसतात. मला ती झाडं कधी आवडली नाहीत, आणि बोट मला लागते.

मग तो वाइनच्या बाटलीचं बूच घ्यायचा, हात पाठीमागे न्यायचा आणि दोन मुठी टेबलावर ठेवायचा. मी ज्या मुठीवर बोट टेकवीन तिच्यात बूच निघालं तर माझ्या मनासारखं, मूठ रिकामी निघाली तर त्याच्या. मी नेहमी डावी निवडायची. नेहमी बूच निघायचं. तो हिरमुसून खुर्चीत मागे रेलायचा, आणि मी म्हणायची, "खेळात ठरलं ते ठरलं."

"एकदा मुठी मी धरते," मी म्हणायची, "तू निवड."

"पुढच्या वर्षी," तो म्हणायचा. दुसरी मूठ त्याने कधी उघडून दाखवली नाही.

२

शुक्रवारी सकाळी खाली आले तेव्हा ढग सरोवरावर उतरले होते. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

अर्मिदाकडे जुनी पद्धत आहे. तुमची वाइन एका जेवणात संपली नाही, तर बाटलीच्या गळ्यात खोलीच्या नंबरचा बिल्ला अडकवून ती भिंतीकडच्या कपाटावर ठेवतात आणि पुढच्या जेवणाला तीच आणतात. पूर्वी त्या कपाटावर बाटल्यांची रांग असायची. आता एकच उरली होती, नऊ नंबरची, माझी. आम्ही दोघं असताना एक बाटली दोन रात्री पुरायची. मी एकटी रोज एक ग्लास घेते. ही बाटली आदल्या रात्रीच उघडली होती आणि माझा एक ग्लास तिच्यातून गेला होता.

आता ती निम्म्याहून खाली होती, आणि उघडी होती.

"काल मजेत होतात," अर्मिदा कॉफी ठेवत म्हणाली.

"एकच ग्लास घेतला मी."

"मग मांजराने घेतली असेल. दुपारभर झोपतंय, मला शंका होतीच."

मी हसले. अर्मिदा स्वतः रात्री एखादा घोट घेत असेल, तिलाही काही कमी कष्ट नाहीत, असं मी मनाशी ठरवलं. कॉफी ओतून घेतली. मग समोरच्या ताटाकडे लक्ष गेलं. ताटाच्या मधोमध बूच होतं.

तेही अर्मिदानेच ठेवलं असणार. ती बाई कुठेही काहीही ठेवते, एकदा माझा चष्मा लोण्याच्या भांड्याशेजारी सापडला होता. मी बूच उचललं. ते ओलं होतं. पुसलं आणि स्वेटरच्या खिशात टाकलं.

"आज काय करणार?" तिने विचारलं. "बोटी पण बंद आहेत बरं का. त्यांचाही संप."

"मग बसच."

"बरंय. भांडायला कुणी नाही, तर..." ती थांबली आणि टेबलावरचा पावाचा चुरा तळहातावर गोळा करू लागली. "मला बोलायची अक्कल नाही, बाई."

"खरंय ते," मी म्हटलं. "भांडायला कुणी नाही."

जायच्या आधी मी समोरची खुर्ची आत सारली. ती बाहेर ओढलेली होती. झाडलोट करताना ओढली असेल.

३

लोरेदानाचा फोन आला. माझी एकुलती मुलगी. तिला नववा महिना लागला होता आणि मी शुक्रवारी घरी पोचणार असं तिला कबूल केलं होतं.

"आई, चिडू नकोस संपावर. डॉक्टर म्हणाले अजून आठवडा आहे."

"तू पण अशीच लवकर झाली होतीस. डॉक्टरांना काय कळतंय."

"उद्या ये ना. एक दिवस जास्तीचा मिळालाय, तर स्वतःसाठी घालव. तुला हवं ते कर. बाबा नाहीत बोटीत बसवायला."

"त्यांनी मला कधी बसवलं नाही."

"मग झालं तर. पण उद्या नक्की ये, आई. मला भीती वाटते."

मला काय हवंय, हे मी आयुष्यात एकटीने कधी ठरवलं नव्हतं. हवं ते मिळत आलं, पण ते समोरच्या माणसाशी भांडून. आता कोल्मेला जायचं तर जायचं, कुणी हिरमुसणार नाही. जाऊन बाकावर बसायचं आणि चेस्टनटची पुडी एकटीने संपवायची. नुसत्या विचाराने जेवण झाल्यासारखं पोट भरलं. तरी कोट चढवला आणि निघाले.

चौकात लहान बस उभी होती. आत मी एकटीच. चालक पोरगेलासा होता, पेपर वाचत होता. मी दाराशेजारच्या सीटवर बसले. त्याने पेपर घडी करून ठेवला, इंजिन सुरू केलं, आणि दार उघडंच ठेवलं.

बराच वेळ ते उघडं राहिलं. गारठा आत येत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"येतायत ना ते?"

"कोण?"

"तुमच्याबरोबरचे." तो माझ्या खांद्यावरून मागे, चौकाकडे बघत होता. "राखी कोटवाले. तुमच्या मागेच होते की आत्ता, मला वाटलं तिकीट घेतायत." मग त्याने खांदे उडवले. "गेले वाटतं धक्क्याकडे. बोट नाही म्हणावं आज. हाक मारता का, की निघू?"

तुल्लियोचा राखी कोट मी मार्चमध्ये चर्चमधल्या, गरिबांसाठीच्या कपड्यांच्या पेटीत टाकला होता. असे कोट ढिगाने असतात. आमच्या वयाच्या प्रत्येक माणसाकडे तोच एक कोट असतो. हे सगळं मला समजत होतं, आणि तरी मी बसमधून उतरले होते.

"तुम्ही निघा," मी त्याला म्हटलं.

४

धक्क्यावर साखळी लावली होती आणि तिला संपाची पाटी टांगली होती. मी साखळीशी उभी राहिले. फळ्यांच्या टोकाला धुकं होतं. दोरखंड ताणले की खांब करकरत होते, मग ढिले पडले की गप्प होत होते. कुणी नव्हतं.

मला रडू आलं, आणि ते भीतीने नव्हतं. कुणी नव्हतं म्हणून आलं. भूगोल शिकवणारी बाई पासष्टी ओलांडल्यावर एका पोराच्या शब्दावर धक्क्यावर धावत येते, आणि कुणी नाही म्हणून रडते. तुल्लियोने बघितलं असतं तर खूप चिडवलं असतं.

परत आले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. भिजलेला कोट मी जेवणाच्या खोलीच्या दाराजवळ खुंटीला अडकवला. फोन वर खोलीतच विसरला होता. अर्मिदा माझ्या टेबलाशी उभी होती. तिच्या हातात नॅपकिन होता, खोळीतून काढलेला.

"धुवायला घेत होते," ती म्हणाली. "क्लेलियाबाई, हा कुणी वापरला?"

"मी. माझा आहे ना."

"तुमचा हा तुमच्या ताटाशी आहे. हा त्यांचा."

तिने तो टेबलावर पसरला. मधोमध सूपचे डाग होते, पिवळट, सुकलेले. दोन टोकं आवळून चुरगाळलेली होती. तुल्लियो नॅपकिनची टोकं कॉलरमध्ये खोचायचा. चारचौघांत असं करू नकोस म्हणून मी लग्नापासून सांगत आले, त्याने कधी ऐकलं नाही.

"धुतलेला ठेवला होता मी," अर्मिदा म्हणाली. "इस्त्रीचा."

"चुकून जुना ठेवला असशील."

"असेन." तिने हात एप्रनला पुसले. "तुमच्या माहेरी, तिकडे डोंगरात, मृतांच्या रात्री ताट मांडायचे ना?"

"मांडायचे. आजी मांडायची. ताट, चेस्टनट, थोडी वाइन."

"आणि पहाटे?"

"चर्चची घंटा व्हायच्या आत आवरायची."

"एक रात्र," अर्मिदा म्हणाली. "आमच्याकडेही तसंच. वर्षातून एक रात्र, आणि उजाडायच्या आत आवरायचं, म्हणजे पोट भरून आल्या वाटेने जातात. तुमचं हे रोज मांडलेलं आहे, बाई. मी रोज येऊन बघत होते, म्हणत होते आज सांगतील, उद्या सांगतील."

"मग आत्ता उचल."

ती हलली नाही. या बाईला मी वर्षानुवर्षं ओळखते. तिने एकदा गच्चीवरून साप चिमट्याने उचलून खाली फेकला होता.

"मांडून ठेवायला तुम्ही सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हीच उचला. मी जरा बहिणीकडे जाऊन येते. सूप शेगडीवर आहे."

पुढचं दार लागल्याचं ऐकू आलं. मग फाटक.

५

उरलेल्या झडपाही तिने लावून घेतल्या होत्या. फटींतून येणारा उजेड जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता, आणि टेबलांवर उलट्या खुर्च्यांचे पाय वर आलेले. ताट उचलायचं, स्वयंपाकघरात नेऊन धुवायचं, एवढं काम. मी माझ्या खुर्चीशी उभी राहून हात पुढे केला.

समोरची खुर्ची करकरली.

जुन्या लाकडी खुर्च्या हवा बदलली की करकरतात. पण हा आवाज मला ठाऊक होता. माणूस पाठ टेकून मागे रेलतो तेव्हाचा तो आवाज होता. मी हात मागे घेतला आणि खाली बसले.

माझ्या आणि त्या खुर्चीच्या मध्ये अर्धा खांब येतो. म्हणूनच तुल्लियो तिथे बसायचा, बाकीच्या टेबलांना त्याचा नॅपकिन दिसू नये म्हणून. मान थोडी डावीकडे केली असती तर सगळं दिसलं असतं. मी केली नाही. मी टेबलावरच्या कापडाकडे बघत राहिले.

"तुल्लियो," मी म्हटलं. मोठ्याने म्हटल्यावर ते नाव फार वेडगळ वाटलं.

शेगडीवर सूप खदखदत होतं.

"लोरेला बाळ होणार आहे," मी म्हटलं. "मला उद्या घरी जायचंय. तू असा का आलायस? तुला काय हवंय ते सांग, आणि जा."

टेबलावर दोनदा टकटक झाली. बोटाच्या पेराने. घाई झाली की तो तसं करायचा, म्हणजे चल, लवकर, काय ते ठरव.

मग मला कळलं. पुढचं वर्ष आलं होतं. आता मुठी मी धरायच्या होत्या आणि निवडायचं त्याने.

मला सांगायला लाज वाटत नाही की तेव्हाही क्षणभर मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांत माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. आणि मग झडपांमागे पाण्याचा आवाज आला. पलीकडची काळी झाडं आठवली. लोरे म्हणाली होती, मला भीती वाटते. तिच्या बाळाचं तोंड मला बघायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी फसवायचं ठरवलं.

खिशातलं बूच मी बोटांनी चाचपलं. होतं. खिशाचं बटण लावलं आणि वरून पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग रिकामे हात पाठीमागे नेले, मुठी आवळल्या आणि टेबलावर, दोन्ही ताटांच्या मध्ये ठेवल्या. कुठलीही निवडू दे, रिकामीच निघेल. रिकामी निघाली की माझ्या मनासारखं होणार, मी बसने वर जाईन आणि उद्या घरी.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की तोही फसवत असणार. आधीच्या, संपलेल्या बाटलीचं बूच एका मुठीत, चालू बाटलीचं दुसऱ्या. इतकी वर्षं. म्हणून तो दुसरी मूठ उघडायचा नाही. मला नेहमी वर न्यायचं, उन्हात बसवायचं आणि हिरमुसल्याचं सोंग करायचं. मला इतकं वाईट वाटलं की मी मान वर करणार होते.

खांबाच्या कडेने एक हात पुढे आला.

मनगटापर्यंतच दिसला. राखी बाही, तिचं बटण नीट लावलेलं. बाहीतून टेबलाच्या कापडावर पाणी ठिबकत होतं. अंगठी तीच होती. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्याची नखं मीच कापली होती, अगदी आतपर्यंत, नर्स रागावली होती. ती नखं आता वाढलेली होती. बोट माझ्या दोन्ही मुठींवरून हळूच फिरलं, आधी उजवीवरून, मग डावीवरून. घाई नव्हती. मग डावीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. इतकं गार होतं की मला खांद्यापर्यंत कळ गेली.

डावी. मी नेहमी निवडायची ती.

"रिकामी आहे," मी म्हटलं. "बघ हवं तर."

आणि मूठ उघडली.

तळहातावर बूच होतं. ओलं.

मी दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. बटण लावलेलंच होतं. आत काही नव्हतं.

बाहेर, बंद धक्क्याकडून, बोटीचा भोंगा झाला. एकदा, लांब. वर खोलीत माझा फोन वाजायला लागला. लोरेच असणार, दुसरं कोण असणार या वेळेला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. मला उठून जिन्याकडे पळायचं होतं. मी म्हटलंही, "फक्त तेवढा घेऊन येते."

समोरची खुर्ची मागे सरली. पावलं टेबलाला वळसा घालून माझ्या पाठीमागून दाराकडे गेली. खेळात ठरलं ते ठरलं, हे त्याला मीच शिकवलं होतं, दर वर्षी, याच टेबलावर.

मी बूच त्याच्या ताटात ठेवलं आणि वळले. दाराशी माझा भिजलेला कोट खुंटीवरून काढून कुणीतरी उघडा धरला होता, मला हात घालता येतील असा. पाण्यावर गार असतं.